माणसे बदलापूर-विरारला, मंडळी गिरगाव-भायखळ्यात : मुंबईच्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांनी आता काय करावे?

भायखळेकर (धागाकर्ता)

सर्वांना सलाम.

मुंबईतील मराठी मंडळ्यांची, म्हणजे चर्चची, बाके रविवारी रिकामी का राहतात, असा प्रश्न निघाला की आपल्याकडे एक उत्तर तयार असते : तरुण पिढीचा विश्वास कमी झाला. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांच्या बैठकीत, महिला मंडळात, लग्नाच्या मांडवात हेच ऐकू येते आणि तेवढ्यावर विषय संपतो. मला हे उत्तर पटत नाही. माझ्या पाहण्यातली तरुण मुले-मुली प्रार्थना करतात, पवित्र शास्त्र (बायबल) वाचतात, उपवास धरतात. मात्र हे सारे ती आपल्या मंडळीच्या बाहेर करतात. आपली माणसे जिथे राहायला गेली तिथवर आपली मंडळी पोचली नाही, हे मूळ दुखणे आहे, आणि ते मान्य केल्यावाचून पुढचा कोणताही उपाय लागू पडणार नाही.

थोडे मागे जाऊन पाहू. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये आले. त्यांच्या आणि त्यांच्यामागून आलेल्यांच्या कामातून गिरगाव, भायखळा या भागांत मराठी मंडळ्या उभ्या राहिल्या. पुढे नगर आणि शेजारच्या जिल्ह्यांतून, विशेषतः १८७६-७८ च्या दुष्काळाच्या सुमारास ख्रिस्ती झालेल्या घराण्यांतून, माणसे पोटासाठी मुंबईला येत राहिली. कोणी गिरणीत लागले, कोणी रेल्वेच्या कारखान्यात, कोणी मिशनच्या शाळेत शिक्षक झाले, अनेक मुली परिचारिका झाल्या. त्यांच्या खोल्या नागपाडा, आग्रीपाडा, माझगाव, गिरगाव अशा वस्त्यांत, म्हणजे उपासनामंदिरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होत्या. पाळकांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना, एका संध्याकाळी चार-पाच घरे पायी करता येत. कोणाकडे आजारपण आहे, कोणाच्या मुलाची नोकरी गेली आहे, कोणत्या घरात नवरा-बायकोचे बोलणे बंद आहे, हे त्यांना उपदेशाला उभे राहण्यापूर्वीच ठाऊक असे, आणि म्हणूनच तो उपदेश ऐकणाऱ्याच्या मनाला भिडत असे.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर मध्य मुंबईची वस्ती विस्कटू लागली. पुढे चाळींचा पुनर्विकास आला, भाडी वाढली, एका खोलीत तिसरी पिढी मावेना. आपली कुटुंबे अंबरनाथ, बदलापूर, नालासोपारा, विरार, पनवेलपर्यंत पांगली. उपासनामंदिरे मात्र पूर्वीच्याच जागी राहिली, आणि सभासदत्वाची वहीही तिथेच राहिली. बाप्तिस्मा, दृढीकरण (मोठेपणी विश्वासाची जाहीर कबुली देण्याचा विधी), लग्न, दफन, मतदान हे सारे त्या वहीला बांधलेले असल्यामुळे कोणी तिच्यातून नाव काढत नाही. पण बदलापूरहून भायखळ्याला, साठेक किलोमीटर अंतर कापून, रविवारी सकाळच्या उपासनेला लहान मुले आणि म्हातारी आई घेऊन येणे म्हणजे काय, हे ज्याने केले आहे त्यालाच कळेल. त्यातही मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक रविवारीच असतो. मग माणूस नाताळला, उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडे) आणि पुनरुत्थान रविवारी (ईस्टर) येतो, वर्षाची वर्गणी भरतो, पावती घेतो आणि परततो. त्याचे नाव वहीत चालू असते. त्याच्या घरी काय चालू आहे हे मंडळीत कोणालाच ठाऊक नसते.

१९७० साली नागपुरात सहा प्रॉटेस्टंट चर्च-संघटनांचे ऐक्य होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अस्तित्वात आले, ही माझ्या दृष्टीने देवाने आपल्याला दिलेली मोठी कृपा आहे. परंतु त्या ऐक्याने मिशनांचा जुना नकाशा बदलला नाही. स्कॉटिश, अमेरिकन, अँग्लिकन अशा निरनिराळ्या परंपरांची मंदिरे दक्षिण आणि मध्य मुंबईत एकमेकांच्या जवळ जवळ उभी आहेत, आणि जिथे आज आपली बहुसंख्य कुटुंबे राहतात त्या पट्ट्यात ती विरळ आहेत.

माझी सूचना अशी आहे. प्रत्येक जुन्या मंडळीने आपल्या वहीतील पत्ते उपनगरांनुसार लावून पाहावेत, जिथे पाच-सहा कुटुंबे निघतील तिथे आठवड्यातून एकदा कोणाच्या तरी घरी नियमित उपासना सुरू करावी, आणि ती चालवण्यासाठी तेथील सभासदांतूनच स्त्री-पुरुषांना रीतसर शिकवून तयार करावे. पाळकांनी महिन्यातून एकदा तिथे जाऊन प्रभुभोजन, म्हणजे भाकर व द्राक्षारसाचा पवित्र विधी, द्यावे. यात नवे काहीच नाही. प्रेषितांची कृत्ये, अध्याय २ मध्ये विश्वासणारे घरोघरी भाकर मोडत असल्याचे सांगितले आहे, आणि प्रिस्क व अक्विला यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीला पौलाने रोमकरांस पत्राच्या अखेरीस सलाम पाठवला आहे. आपल्या अनुभवांतून लिहावे, ही विनंती.

नालासोपारा पूर्व

भायखळेकर काका, तुम्ही ज्या तरुणांविषयी लिहिले आहे त्यांतली मी एक आहे. माझे नाव आजही दक्षिण मुंबईतील एका मंडळीच्या वहीत आहे, आणि दर रविवारी मी घराजवळच्या एका भाड्याच्या सभागृहात भरणाऱ्या फेलोशिपला, म्हणजे एका नव्या स्वतंत्र प्रार्थनागटाला, जाते. असे का, ते मोकळेपणाने लिहिते.

माझे वडील रुग्णालयात होते तेव्हा या फेलोशिपमधल्या बायकांनी पाळीपाळीने डबा पोचवला, दोन भाऊ रात्री त्यांच्या उशाशी बसले, आणि वडील घरी आल्यावरही कोणी ना कोणी रोज प्रार्थनेला येत राहिले. आमच्या जुन्या मंडळीतून त्या काळात एकच फोन आला, तो थकलेल्या वर्गणीविषयी होता. फोन करणाऱ्यांना वडिलांच्या आजाराची कल्पना नव्हती, त्यामुळे त्यांच्यावर माझा राग नाही. पण त्यांना ती कल्पना असण्याचा कोणताही मार्ग नव्हता, ही गोष्ट मला फार लागली.

तरीही इथे सगळे चांगले आहे असे मी म्हणणार नाही. आमच्याकडे पाळकच सर्व निर्णय घेतात. पंच नाहीत, निवडणूक नाही, जमाखर्च कधी वाचून दाखवला जात नाही. दशांशावर (उत्पन्नाचा दहावा भाग अर्पण करण्यावर) पुष्कळ भर असतो, आणि दिलेले अनेक पटींनी परत मिळेल असे ज्या ठामपणे सांगितले जाते त्याने मी अस्वस्थ होते, कारण समोर बसलेल्यांत घरकाम करणाऱ्या बायका आहेत. एका बहिणीचे मूल दगावले तेव्हा तिचा विश्वास कमी पडला असे एकाने सर्वांसमोर म्हटले. ती त्यानंतर आली नाही. त्या वेळी मला आमच्या जुन्या मंडळीची दफनाची प्रार्थना आठवली. तिच्यात दुःखी माणसाला दोष दिलेला नसतो, त्याला धीर दिलेला असतो, आणि ती कोणा एका माणसाच्या त्या दिवसाच्या मनःस्थितीवर अवलंबून नसते.

आणखी एक गोष्ट. आमच्याकडे गाणी हिंदी आणि इंग्रजी असतात. ती मला आवडतात. पण माझ्या आजीला शेवटच्या दिवसांत ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजने हवी होती आणि मला त्यांतले एकही पूर्ण येत नव्हते. घराजवळ मराठी उपासना असती तर मी ती शिकले असते.

वसईचा वाचक

मी कॅथलिक आहे, त्यामुळे तुमच्या मंडळ्यांच्या अंतर्गत व्यवस्थेत बोलणे मला शोभणार नाही. आमच्याकडचा अनुभव मात्र उपयोगी पडेल म्हणून मांडतो.

आमच्याकडे धर्मग्राम, म्हणजे पॅरिश, भूभागावर ठरते. कुटुंबाने घर बदलले की धर्मग्रामही बदलतो. जुन्या चर्चविषयी जिव्हाळा राहतो, परंतु तुमचे धर्मगुरू आता नव्या ठिकाणचे असतात. वस्ती सरकली तशी रचनाही हलवावी लागली. मुंबई महाधर्मप्रांतातून १९९८ साली वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत (बिशपांच्या अधिकाराखालचा विभाग) वेगळा करण्यात आला. त्याखेरीज १९८० च्या दशकापासून मुंबईत लहान ख्रिस्ती समूहांची पद्धत रुजवण्यात आली : एका इमारतीतली किंवा गल्लीतली कुटुंबे एकत्र येऊन शुभवर्तमानाचा उतारा वाचतात, त्यावर बोलतात आणि आपल्या परिसरातील एखादी गरज पाहून काम ठरवतात. भायखळेकर जे सुचवत आहेत ते याच्या जवळचे आहे.

यातल्या अडचणीही सांगितल्या पाहिजेत. बऱ्याच समूहांत त्याच पाच-सहा निवृत्त बायका येतात आणि पुरुष दारापर्यंत पोचवून परततात. जिथे धर्मगुरू लोकांवर खरोखर जबाबदारी सोपवतात तिथे समूह टिकतो. जिथे तो केवळ वरून आलेली सूचना वाचून दाखवण्याची जागा होतो तिथे दोन वर्षांत विझतो. लोकांना आपल्या प्रश्नाशी जोडलेले काही हवे असते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिकातून आणि हरित वसईच्या चळवळीतून पाणी, जमीन आणि हिरवाई यांचा प्रश्न विश्वासाचा प्रश्न म्हणून मांडला, तेव्हा ख्रिस्ती आणि ख्रिस्तीतर असे दोन्ही लोक त्यांच्यामागे उभे राहिले. २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. एका कॅथलिक धर्मगुरूला मराठी समाजाने दिलेला तो मान आमच्या इथल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. घरोघरच्या प्रार्थनेत केवळ प्रार्थनाच राहिली आणि नालासोपाऱ्यातले पाणी, गर्दीची गाडी, बेकार मुलगा यांपैकी काहीच आले नाही, तर ती फार काळ चालेल असे मला वाटत नाही.

एक माजी खजिनदार

सूचनेमागचा कळवळा मला समजतो. तरीही मी तिला हरकत घेणार आहे, कारण हिशेबाच्या वह्या ज्याने सांभाळल्या आहेत त्याला पुढचे खड्डे दिसतात.

जुनी उपासनामंदिरे म्हणजे दगड, लाकूड आणि कौले आहेत, आणि मुंबईच्या पावसात ती दरवर्षी खर्च मागतात. गळती थांबवणे, विजेची जुनी जोडणी बदलणे, कर्मचाऱ्यांचे वेतन, पाळकांच्या वेतनासाठी धर्मप्रांताकडे भरायचा वाटा, हे सारे वर्गणी आणि अर्पणांतून भागवायचे असते. उपनगरात उपासना सुरू झाली की तेथील अर्पण तिथेच राहील, आणि ते योग्यही वाटेल. मग मूळ मंदिर कोणी सांभाळायचे? ज्या मंदिरात आपल्या आजोबांचा बाप्तिस्मा झाला आणि आईवडिलांचे लग्न लागले ते मोडकळीला येऊ देणे हाही विश्वासघातच आहे. शिवाय आज दुरून न येणारा सभासददेखील मुलीचे लग्न तिथेच लावू इच्छितो.

दुसरी अडचण अधिकाराची आहे. आपल्या संस्था सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याखाली येतात. विश्वस्त बदलले की धर्मादाय आयुक्तांकडे बदल अहवाल द्यावा लागतो, आणि दोन गटांत वाद झाला की तो वर्षानुवर्षे चालतो. मोक्याच्या जागेवर मालमत्ता असलेल्या मंडळ्यांत निवडणुकीला किती गर्दी होते आणि बुधवारच्या प्रार्थनेला किती, हे मी वेगळे सांगायला नको. उपनगरातील गटांना मतदानाचा हक्क राहणार का, ते उद्या स्वतंत्र मंडळी म्हणून उभे राहणार का, याची उत्तरे आधी लेखी ठरवल्याशिवाय कोणी हात घालू नये.

पाळकाच्या घरातून

माझे यजमान पाळक आहेत, म्हणून थोडे लिहिते.

दोन मंडळ्यांची जबाबदारी एका पाळकावर असते तेव्हा रविवार सकाळी सुरू होतो आणि रात्री संपतो. मधल्या दिवसांत शाळेच्या समितीची बैठक, धर्मप्रांताचे कामकाज, दाखले, सह्या. अचानक निरोप येतो की अमुक वारले, आणि सारे टाकून दफनासाठी शिवडीच्या कब्रस्तानात जावे लागते. ते तर जायलाच हवे. एवढ्यातून बदलापूरला भेट देण्यासाठी जो दिवस निघतो तो आमच्या मुलांचा असतो. पाळक घरी येत नाहीत ही तक्रार मी पुष्कळदा ऐकते. ती खोटी नाही. पण पाळकांच्या घरी कोण येते, हेही कधीतरी कोणी विचारावे.

यरुशलेमेतील पहिल्या ख्रिस्ती मंडळीत विधवांना रोजच्या वाटपात डावलले जाऊ लागले तेव्हा प्रेषितांनी अधिक धावपळ केली नाही. सात माणसे निवडून, त्यांच्या डोक्यावर हात ठेवून ते काम त्यांच्यावर सोपवले. आपल्याकडे मात्र प्रार्थनेला पाळकच हवेत, आजाऱ्याला भेटायला पाळकच हवेत, वाढदिवसाच्या केकसमोरही पाळकच हवेत. आपल्या मिशनांच्या काळात घरोघर जाऊन पवित्र शास्त्र वाचून दाखवणाऱ्या बायका होत्या. त्यांना वेतन फार थोडे होते, पण घराच्या आतल्या खोलीपर्यंत त्याच पोचत. आज शिकलेल्या, निवृत्त झालेल्या कितीतरी शिक्षिका आणि परिचारिका आपल्यात आहेत. त्यांना महिला मंडळाच्या सहलीपलीकडे आपण काही काम दिले आहे का?

नाव न सांगणारा सभासद

भायखळेकरांनी वहीतील पत्ते लावून पाहण्याविषयी लिहिले आहे. जे वहीत नाहीत त्यांच्याविषयी कोणी बोलत नाही, म्हणून हे लिहितो.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला गेला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतले गेले, ख्रिस्ती माणूस आजही बाहेर आहे. हा प्रश्न तपासण्यासाठी २०२२ साली न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. कायदा काय असावा ही चर्चा निराळी. मला एवढेच सांगायचे आहे की गावाकडे ज्यांना विहिरीवर थांबवले गेले त्यांच्या नातवंडांना बाप्तिस्मा घेताना शिष्यवृत्तीचा, नोकरीचा विचार करावा लागतो, आणि म्हणून कितीतरी घरे वर्षानुवर्षे प्रार्थना करूनही कोणत्याच वहीत नसतात. मंडळीत गेले की पहिला प्रश्न सभासदत्वाचा निघतो, आणि ती माणसे मागच्या बाकावरून उठून जातात. त्यांना लबाड म्हणणारे लोक मंडळीतच भेटतात. स्वतःवर ही वेळ न आलेल्यांनी तो शब्द वापरू नये.

नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ सुरू केला, तेव्हा त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त असावेत, अशी त्यांची कल्पना होती. दोन वर्षांत त्यांचे निधन झाले आणि ते काम पुढे फारसे वाढले नाही. घरातल्या उपासनेला जर आपण परवानगी देणार असाल, तर दारात वही ठेवू नका.

भायखळेकर (धागाकर्ता)

सर्वांनी इतक्या मनापासून लिहिले याबद्दल आभार. काही गोष्टींना उत्तर देणे माझे कर्तव्य आहे.

खजिनदार साहेब, मंदिराच्या देखभालीची आपली चिंता रास्त आहे. माझे म्हणणे एवढेच की आजच्या मार्गानेही मंदिर वाचणार नाही. ज्या मुलाने संडे स्कूल पाहिलेच नाही, ज्याचे लहानपण विरारमध्ये मंडळीवाचून गेले, तो मोठेपणी भायखळ्याच्या कौलांसाठी पैसे का देईल? आज जी वर्गणी येते ती ज्यांनी त्या अंगणात खेळून लहानपण काढले त्यांच्याकडून येते, आणि ती पिढी आता साठीच्या पुढे आहे. म्हणून अर्पणाचा ठराविक वाटा मूळ मंदिराला आणि उरलेला स्थानिक गरजेला, असे पहिल्याच दिवशी लेखी ठरवावे. मतदानाचा हक्क पूर्वीप्रमाणेच मूळ मंडळीत राहावा. स्वतंत्र होण्याची भीती मला तितकी वाटत नाही : एखादा गट वाढून स्वतःचा पाळक पोसू लागला, तर ती मंडळीची वाढच आहे.

नालासोपाऱ्याच्या ताईंनी जे लिहिले त्यावर मी फार विचार केला. त्यांना जवळची माणसे नव्या ठिकाणी मिळाली. हिशेब, निवडणूक, दुःखातली संयत भाषा आणि भजने यांची आठवण मात्र जुन्या मंडळीची आहे. या दोन्ही गोष्टी एका माणसाला एकाच मंडळीत मिळू नयेत, असा काही देवाचा नियम नाही. फेलोशिपना नावे ठेवण्यात आपल्या कित्येक बैठका गेल्या आहेत. त्या रात्री रुग्णालयात कोण बसले होते, हे आठवले की त्यांच्याविषयी आदराने बोलावे असेच वाटते. त्याचबरोबर, ज्या आईचे मूल गेले तिला दोष देणारी शिकवण चुकीची आहे, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. पवित्र शास्त्रातील दुःखात बुडालेल्या ईयोबाच्या मित्रांनी तेच केले आणि देवाने त्यांना खडसावले.

करोनाच्या काळाचा उल्लेख कोणी केला नाही, म्हणून तो मी करतो. मार्च २०२० मध्ये मंदिरे बंद झाली, त्या वर्षी १६ नोव्हेंबरला उघडली, पुढच्या वर्षी पुन्हा बंद राहून ७ ऑक्टोबर २०२१ ला उघडली. त्या काळात मोबाईलवरची उपासना हा पुष्कळांना आधार झाला, आणि अंथरुणाला खिळलेल्यांसाठी ती आजही चालू राहावी. परंतु तिने एक सवयही लावली. स्वयंपाकघरात फोन टेकवून उपदेश ऐकणाऱ्या माणसाला कोणी शेजारी नसतो, त्याचे डोळे भरून आलेले कोणाला दिसत नाहीत, आणि प्रभुभोजन तर फोनवरून घेता येतच नाही. एकत्र मिळणे सोडू नका, असे इब्री लोकांस पत्रात सांगितले आहे ते याचसाठी.

नाव न सांगणाऱ्या बंधूंना : दारात वही नसेल. बाप्तिस्मा हा आपल्या विश्वासात गौण नाही, आणि प्रभुभोजनाविषयी मंडळीचे जे नियम आहेत ते मी एकटा बदलू शकत नाही. पण गाणे, शास्त्रवाचन, प्रार्थना आणि चहा यांसाठी कोणाला दाखला विचारायचा नाही, हे मी माझ्यापुरते निश्चित केले आहे आणि पंचांसमोरही तसेच मांडणार आहे.

वसईच्या वाचकांचा मुद्दा मी सूचनेत समाविष्ट करतो : प्रत्येक बैठकीत परिसरातील एका गरजेविषयी बोलणे होईल आणि कोण काय करणार हे ठरेल. पाळकांच्या घरातून आलेल्या ताईंचे पत्र तर मी त्यांचे नाव नसतानाही आमच्या बैठकीत वाचून दाखवू इच्छितो. त्यांची अनुमती असावी.

पाळकाच्या घरातून

जरूर वाचा. फक्त शेवटचा प्रश्न गाळू नका.

एक माजी खजिनदार

अर्पणाच्या वाटणीचा आणि मतदानाचा मसुदा मी करून देतो. प्रत्येक गटाचा जमाखर्च दर तीन महिन्यांनी मूळ मंडळीत वाचला जावा, ही अट त्यात असेल, आणि तीच अट मूळ मंडळीच्या जमाखर्चालाही लागू असेल. हे मान्य असेल तर माझी हरकत मी मागे घेतो.

नालासोपारा पूर्व

आमच्या बाजूला आपल्या वहीतली आणखी चार घरे आहेत, हे मला आईकडून आज कळले. शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे जागा होऊ शकेल. पेटी आहे, वाजवणारे कोणी नाही. भजने शिकवण्यासाठी सुरुवातीचे काही शनिवार कोणी जाणते येऊ शकतील का?